आजाराला जात नसेल, निदानाला आहे

सप्टेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरची युरोपची वार्षिक वैद्यकीय परिषद भरली. ‘एक्ट्रिम्स’ या नावाने ती ओळखली जाते. ही चाळीसावी परिषद होती. नावाला ती युरोपची असली, तरी जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ, संशोधक, औषध कंपन्या आणि रुग्णसंघटना तिथे येतात. तिथे निदानाचे सुधारित निकष मांडले गेले. त्यांना मॅकडोनाल्ड निकष म्हणतात. ते पहिल्यांदा २००१ मध्ये ठरले आणि नंतर २००५, २०१० व २०१७ मध्ये सुधारले गेले. या वेळच्या सुधारणेत डोळ्याची नस ही आजाराची एक स्वतंत्र जागा म्हणून धरली गेली. त्याहून मोठी गोष्ट अशी की, काही ठरावीक परिस्थितीत रुग्णाला एकही लक्षण जाणवत नसताना, एमआरआयवरचे चट्टे आणि इतर चाचण्या पाहून निदान करता येईल, असे या निकषांनी मान्य केले.

लक्षणाच्या आधी निदान! विज्ञानाची ही झेप मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे. तिचे निदान पहिल्या लक्षणानंतर तीन वर्षांनी झाले. कोपनहेगन आणि मराठवाडा यांच्यातले अंतर मी किलोमीटरमध्ये मोजत नाही, या तीन वर्षांत मोजतो. ही तीन वर्षे कुठे गेली, कोणी खाल्ली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टण असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच हे वेष्टण कुरतडते. जिथे कुरतडले जाते तिथला निरोप अडखळतो. डोळ्याच्या नसेवर आले तर दिसणे अंधुक होते, मज्जारज्जूत आले तर पाय जड होतात, मुंग्या येतात, लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेकांना सुरुवातीला हे झटक्याझटक्याने येते. महिना-दोन महिने त्रास होतो, मग बरे वाटते, मग पुन्हा झटका येतो. हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. २०२३ च्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे २९ लाख लोकांना तो आहे. पूर्ण बरा करणारे औषध नाही. पण झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके अपंगत्व लांबते. म्हणूनच ती तीन वर्षे महत्त्वाची आहेत.

या आजाराचा इतिहाससुद्धा आपण आपल्या नजरेने वाचायला हवा. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्ताँ चार्को यांनी या आजाराची पहिली व्यवस्थित मांडणी केली. साल्पेत्रिएर म्हणजे गरीब, म्हाताऱ्या, निराधार बायकांचे आश्रयस्थान. १८९३ मध्ये चार्को वारले तेव्हा सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात एक हकिगत आहे. तरुण चार्कोंनी हातापायांना विचित्र कंप असलेली एक मोलकरीण घरी कामाला ठेवली. तिच्या हातून बशा-ताटे फुटत, खर्च वाढे, तरी त्यांनी तिला काढले नाही. ती वारल्यावर शवविच्छेदन करून त्यांनी दाखवून दिले की तिच्या त्या कंपाचे मूळ याच आजारात होते. फ्रॉइड ही गोष्ट गुरूच्या चिकाटीचा दाखला म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच दिसते. ज्या बाईच्या देहावरून हे ज्ञान उभे राहिले, तिचे नाव त्या हकिगतीत नाही. ज्ञान देणारी ती, नाव मात्र डॉक्टरांचे. कष्टकऱ्यांच्या शरीरावर शिकायचे आणि शिकलेले त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचवायचे, ही रीत फक्त आपल्या देशातली नाही, एवढाच त्यातून दिलासा घ्यायचा असेल तर घ्यावा.

आता माझ्या घरातले सांगतो. बहीण नागसेनवनात शिकली. पदवीनंतर राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करत होती. २०१८ च्या पावसाळ्यात तिच्या एका डोळ्यापुढे धुके आले, डोळा फिरवला की दुखायचे. चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. दीड महिन्यात दिसायला लागले, सगळे विसरून गेले. पुढच्या वर्षी कमरेपासून खाली बधिरपणा आला. ‘कमजोरी आहे’ म्हणून जीवनसत्त्वाची इंजेक्शने झाली. मग ‘मणक्यात नस दबली’ म्हणून पट्टा आला. मग ‘टेन्शन घेते, परीक्षेचा अभ्यास बंद करा’ असा सल्ला आला. एका नातेवाइकाने ‘लग्न करून द्या, आपोआप बरी होईल’ म्हणूनही सांगितले. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मी स्वतः डॉक्टरांना विचारले, “साहेब, डोळा आणि पाय या दोन्हींचा काही संबंध असेल का? एमआरआय करायचा का?” ते हसले. म्हणाले, “तुम्ही इंटरनेटवर वाचून आलात. तो थंड देशांतला, खात्यापित्या लोकांचा आजार आहे. तुमच्याकडे नसतो.”

‘तुमच्याकडे’ म्हणजे कोणाकडे? भारतात, की मराठवाड्यात, की आमच्या वस्तीत? त्यांना काय म्हणायचे होते ते त्यांनाच ठाऊक. मी त्यांच्या मनातली जात शोधत बसत नाही. पण परिणाम तोच झाला. २०२१ मध्ये ती जिन्यात पडली, तेव्हा तिच्या नावाने ठेवलेली ठेव मोडून आम्ही पुण्याला गेलो. तिथे मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय आणि पाठीतले पाणी तपासून दोन दिवसांत निदान केले. मेंदूत आणि मज्जारज्जूत जुने-नवे चट्टे होते. जुने चट्टे म्हणजे आमच्या हातून गेलेला काळ, सरळ फिल्मवर छापलेला.

आता ‘आपल्याकडे नसतो’ या वाक्याकडे येऊ. कारण एका डॉक्टरपुरते ते नाही, ते एका समजुतीचे वाक्य आहे. विषुववृत्तापासून दूर असलेल्या देशांत हा आजार जास्त आढळतो, हे खरे आहे. त्यामागे सूर्यप्रकाश, ड जीवनसत्त्व, आनुवंशिकता अशी कारणे दिली जातात. एपस्टाइन-बार या विषाणूचा वाटा तर आता ठळक झाला आहे. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. म्हणजे भूगोल आहे, जनुके आहेत, विषाणू आहे. पण आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे मोजणी.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात या आजाराची पाहणी केली. १९९० मध्ये ती प्रसिद्ध झाली. पारशी समाजात एमएस चांगलाच आढळतो, असे त्यातून दिसले. त्याचे कारण आनुवंशिक असेल, तज्ज्ञ तसे सांगतात. पण ही पाहणी शक्य का झाली, हेही पाहा. समाज लहान, शहरात एकवटलेला, शिकलेला, त्याच्या नोंदी नीट ठेवलेल्या, आणि त्याच समाजातले डॉक्टर मोजायला तयार. पुढे मंगळुरू शहरात अशीच पाहणी झाली आणि लाखामागे साधारण ८ रुग्ण आढळले. जिथे कोणी मोजायला गेले, तिथे आजार सापडला.

आता मराठवाड्याचा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत आपल्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. मंगळुरूचे प्रमाण इथे जसेच्या तसे लागू होईल असा माझा दावा नाही. पण ते धरले, तर मराठवाड्यात दीड हजार रुग्ण निघतात. कुठे आहेत हे लोक? त्यांतले किती जण ‘मणक्याचे’ म्हणून पट्टा लावून बसले असतील? किती बायका ‘अंगात येते’, ‘कामचुकार आहे’, ‘बाहेरचे काहीतरी आहे’ या शिक्क्याखाली घराच्या कोपऱ्यात पडल्या असतील? न मोजलेला माणूस आकडेवारीत नसतो, आणि आकडेवारीत नसलेल्यासाठी ना तज्ज्ञ नेमला जातो, ना यंत्र येते, ना औषध. मग तज्ज्ञ आणि यंत्र नाही म्हणून निदान होत नाही, आणि निदान होत नाही म्हणून आजार दुर्मीळ ठरतो. हे चक्र आंबेडकरी चळवळीला नवे नाही. जातीच्या आकड्यांबाबत आपण हेच चक्र वर्षानुवर्षे पाहिले आहे.

जगाच्या परिषदांत गोऱ्या, थंड प्रदेशातल्या रुग्णांवरचे ज्ञान जास्त येते, याचाही परिणाम होतो. एमएसमध्ये अंगाचे तापमान वाढले की लक्षणे तात्पुरती वाढतात. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने ते नोंदवले, त्याच्याच नावाने ते ओळखले जाते. युरोपात यावर उपाय सोपा आहे, थंड जागी बसा, गार पाण्याने अंघोळ करा. आमच्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि नळाला पाणी कित्येक दिवसांआड येते. दुपारी बारा ते चार या वेळात बहिणीचे पाय तिचे राहत नाहीत. वीज गेली की कूलर बंद, कूलर बंद की ती अंथरुणाला. लघवीची घाई हे या आजाराचे नेहमीचे लक्षण. ज्या वस्तीत पाणी मोजून वापरावे लागते आणि बाहेर बाईसाठी स्वच्छ संडास मिळत नाही, तिथे या लक्षणाचा अर्थ बाहेर पडणेच बंद, असा होतो. ती म्हणते, “दादा, मला आजारानं नाही, टाकीतल्या पाण्यानं घरात बसवलं.” पाणीपुरवठा हा एमएसच्या उपचाराचा भाग आहे, हे कोणत्या परिषदेत मांडायचे?

आता कायद्याकडे वळू. अपंग व्यक्तींचा हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आणि जुनाट मज्जाविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट लिहिले गेले. ही मोठी मिळकत होती. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सगळ्या प्रकारांना खुल्या झाल्या. पण पुढे कलम ३४ वाचा. सरकारी नोकरीतले किमान ४ टक्के आरक्षण कोणाला? अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग गट, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरेंचा गट, तसेच या चारांतले एकाहून अधिक अपंगत्व असलेले. एमएस त्यात नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाही नाहीत. म्हणजे शिकताना तुम्ही दिव्यांग, नोकरी मागताना नाही!

याच कायद्याचे कलम २० सांगते की, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावरून उतरवता येत नाही. चांगलेच आहे. पण एमएस गाठतो तो विशीत-तिशीत, ज्या वयात आपली पोरे अजून नोकरीच्या दारातच उभी असतात. आत बसलेल्याला संरक्षण आणि दारातल्याला नकार, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. बहिणीने अर्ज भरला तेव्हा जातीचा रकाना होता, दिव्यांगाच्या यादीत तिचा प्रकार नव्हता. एका कचेरीत तिला सल्ला मिळाला, “चालता येत नाही ना, मग अस्थिव्यंगातून दाखला काढा.” पण ती कधी चालते, कधी चालत नाही. तपासणीच्या दिवशी बरी असली तर टक्के भरत नाहीत. थकवा, अंधुक दिसणे, लघवीची घाई यांना टक्क्यांच्या फूटपट्टीत धड जागा नाही. आजार चढउताराचा आणि दाखला एका दिवसाचा!

कोणी म्हणेल, हा तुमच्या घरातला प्रश्न, चळवळीचा कसा? म्हणूनच सिकलसेलचे नाव वर घेतले. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांत आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत सिकलसेल किती पसरला आहे, हे सांगायची गरज नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. अभियान आहे, पण त्या रुग्ण पोराला नोकरीच्या ४ टक्क्यांत जागा नाही. शहरातली एमएसची मुलगी आणि गडचिरोलीतला सिकलसेलचा मुलगा एकाच कलमाने बाहेर ठेवले आहेत. हा लढा एकत्र लढायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. टीबी आहे, रक्तक्षय आहे, कुपोषण आहे, बाळंतपणात बाया मरतात, मग हजारातही एक नसलेल्या आजाराची चर्चा कशाला? मी हा आक्षेप हलक्यात घेत नाही. पण गरिबांना फक्त गरिबांचे आजार होतात, हे गृहीतक त्यात दडले आहे. तेच त्या डॉक्टरांचेही गृहीतक होते. शिवाय न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय यांची गरज एमएसपुरती नसते. पक्षाघात, फिट्स, मेंदूतला टीबी, अपघातातली डोक्याची दुखापत या सगळ्यांना तीच यंत्रणा लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती उभी राहिली तर टीबीचा रुग्णही वाचतो आणि माझी बहीणही.

औषधांचे पाहू. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधे घेतली. क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब ही ती तीन. यातले रिटुक्सिमॅब महत्त्वाचे. ते मुळात रक्ताच्या कर्करोगावरचे औषध. त्याचा एमएसवर चांगला परिणाम होतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पण कंपनीने पुढच्या मोठ्या चाचण्या त्याच्याच जातकुळीतल्या ऑक्रेलिझुमॅबवर केल्या, आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली ती त्याला. नव्या औषधाला नवे पेटंट असते, हे वेगळे सांगायला नको. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने मात्र एमएससाठी रिटुक्सिमॅबच सर्रास वापरले. आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ मध्येच बाजारात आणली होती! म्हणजे औषध देशात बनते, जगाच्या यादीत आहे, आणि रुग्णाला ते पदरमोड करून घ्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, या योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधल्या आहेत. जन्मभर ओपीडीत जाऊन चालवायच्या औषधाचा विचार त्यांच्या रचनेत मुळातच कमी आहे.

आजार माणसाचे नशीब आहे, मदत ही दया आहे, ही भाषा बाबासाहेबांनी कधीच मोडीत काढली. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, आईला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. शरीराच्या अडचणीचा खर्च एकट्या शरीरावर टाकायचा नाही, हे तत्त्व त्यात आहे. तेच इथे लागू होते.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. एक, कलम ३४ मध्ये दुरुस्ती करून जुनाट मज्जाविकार आणि रक्तविकार नोकरीच्या आरक्षणात आणावेत. दोन, मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात न्यूरोलॉजिस्टची नियमित ओपीडी आणि एमआरआयची सोय हवी, त्यासाठी कोणाला ठेव मोडावी लागू नये. तीन, रिटुक्सिमॅब एमएससाठी सरकारी दवाखान्यातून मोफत मिळावे. चार, दाखला देताना चढउताराच्या आजारांची वेगळी पद्धत असावी. आणि पाच, मोजणी. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जातनिहाय गणनेचा निर्णय जाहीर केला, २०२७ ची जनगणना समोर आहे. २०११ मध्ये अपंगत्वाचे आठच रकाने होते, त्यात एमएसवाला ‘इतर’मध्ये गेला. या वेळी २१ प्रकार आणि जात, दोन्ही एकत्र मोजा. मग कळेल कोणता आजार कोणाकडे ‘नसतो’.

मित्रहो, दरवर्षी ३० मे हा जागतिक एमएस दिवस असतो. पुढच्या ३० मे रोजी आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात तासभर बसा. एका डोळ्याला अचानक अंधुक दिसणे, कमरेखाली बधिरपणा, येऊन जाणारा अशक्तपणा, एवढी तीन लक्षणे लोकांना सांगा. ज्यांना असतील त्यांची नावे वहीत लिहा आणि त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. ती वही घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटा. सरकार मोजेल तेव्हा मोजेल, सुरुवात आपण करू.

जय भीम!